बाभळीची तोफ

सांगली, १८ जानेवारी १९४३

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत एकटाच होतो. दारात एक धनगर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "बाबा, ही शाळा आहे."

"ठावं हाय, मास्तर. हितंच मी मॅट्रिकला दोनदा गटांगळ्या खाल्ल्या."

आवाजावरून ओळखलं. नाथाजी. गेल्या ऑगस्टात मोर्च्यावर गोळीबार झाला, तेव्हापासून तो भूमिगत आहे. त्याच्या नावचं वॉरंट आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत. माझ्या हातातली काचनळी पडून फुटली. तो खाली बसून तुकडे वेचू लागला आणि वेचता वेचता बोलला.

"रोज कुनी ना कुनी येतंय. एक म्हनतो आरशानं पोलिसांची छावणी जाळतो. एक म्हनतो तंबोऱ्याच्या सुरानं रेल्वेचा पूल पाडतो. आमच्याकडं धड बंदुका न्हाईत, म्हनून समद्यांचं खरं वाटतं. पर खुळ्या हत्यारापायी आपलीच मानसं मरायची. तुमी सायन्सचं मास्तर. तुमी निस्तं बगायचं आन् सांगायचं, चालंल का न्हाई."

"माझं नाव कुणी सुचवलं?"

"ते नगा इचारू."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. घंटा झाली, तो गेला. पुढच्या तासाला मी फळ्यावर पाण्याचं सूत्र चुकीचं लिहिलं आणि वर्गातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

२१ जानेवारी

पोट बिघडलं आहे. रस्त्यात कुणी "ओ मास्तर" म्हणून हाक मारली की मी मागे न बघता पहिल्या बोळात शिरतो. विजयमालेला काही सांगितलेलं नाही. बायकोला असल्या गोष्टी कळून तिची झोप का उडवा?

आज गुरुवार, म्हणून ती तिच्या मावशीला, रंगूबाईंना, घेऊन मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. मावशींचा मोतीबिंदू पिकायला फारच वेळ घेतो आहे. परक्या माणसांसाठीसुद्धा ती एवढाल्या भाकरी थापून नेते. म्हणते, दवाखान्यात सोबतीला राहणाऱ्यांना कोण घालतंय. भोळी आहे. परत आली तेव्हा लुगड्याच्या काठाला नदीकाठचा गाळ लागला होता. मिरजेच्या रस्त्यालाही चिखल झालेला दिसतो.

१४ मार्च

नाथाजीचा निरोप आला तेव्हा "ताप आहे" असं कळवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. बहुधा न जाण्याची भीती जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली.

सांगलीवाडी मागे टाकली, आणखी थोडं चाललो आणि संस्थानी हद्द संपून इंग्रजी मुलूख लागला. जमीन तीच, ऊस तोच, पण मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. एका मळ्यातल्या खळ्यावर लालासाहेब वाट बघत होते. पेन्शनर सुभेदार. मागच्या महायुद्धात बसऱ्याला होते. मिशा अजून पलटणीतल्याच. आजूबाजूच्या वाड्यांतून त्यांनी आरसे जमवले होते, न्हाव्याच्या पेटीतले, नव्या नवरीच्या ट्रंकेतले, एक तर देव्हाऱ्यामागचा. उन्हाची तिरीप एका जागी पाडायची आणि पोलिसांचे तंबू लांबून जाळायचे.

कल्पना चुकीची नाही, हे आधी कबूल करायला हवं. मी समोर वाळल्या कडब्याची पेंढी ठेवायला सांगितली. एकेक माणूस आरसा धरून उभा राहिला. प्रत्येकाचा कवडसा वेगळीकडे. एकाचा हात हलला की शेजाऱ्याला वाटायचं तोच आपला. जवळून पेंढी चांगली तापली, मी हात लावून बघितलं. आरसे वीस पावलं मागे नेले तेव्हा नुसती कोमट झाली. त्यापुढे काहीच नाही. पेंढी शेवटी एका शेळीने ओढून नेली.

"सुभेदार, तंबू तीनशे पावलांवर असणार. आरसे हजारांनी लागतील, आणि ते धरणारी माणसं बंदुकीच्या टप्प्यात न हलता उभी राहायला हवीत."

"ऱ्हातील की! मराठ्याची जात हाय."

"राहतील. पण तंबू पेटणार नाही."

लालासाहेबांनी हातातला आरसा पालथा ठेवला. मग म्हणाले, "तुमी लय भित्रं हाय, मास्तर. बगा, घाम कुटनं फुटलाय तुमास्नी."

घाम फुटला होता हे खरं. ऊनही होतं.

२३ मार्च

पोलिसांचा जमादार थेट प्रयोगशाळेत आला. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. सगळं संपलं असं वाटलं, अगदी विजयमाला माहेरी कशी जाईल इथपर्यंत विचार पोचला. जमादाराला मुलाच्या गणिताच्या शिकवणीबद्दल विचारायचं होतं. मी उद्यापासून पाठवा म्हटलं. आता पोलिसाचा मुलगा रोज माझ्या ओसरीवर बसून अपूर्णांक सोडवणार.

११ एप्रिल

मिरजेला जाऊन आलो. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत शमशेरमियांचं दुकान आहे. माळ्यावर वाळत टाकलेले भोपळे, खाली लाकडाच्या भुश्श्याचा वास. माणूस साठीचा, बोलणं हळू. त्यांनी दोन तंबोरे समोरासमोर ठेवले, एकाची तार छेडली आणि दुसऱ्याच्या तारेवर ठेवलेला कागदाचा कपटा आपोआप थरथरून खाली पडला.

"हात न्हाई लावला, बगितलंसा न्हवं? हर चीजेचा आपला सूर असतोय. लोखंडाच्या पुलाचाबी असनार. तो घावला, आन् तेवढी मोठी तार केली, तर पूल सवताच नाचून खाली पडंल."

मी पुस्तकातून हे शिकवतो. पलटणीला पुलावरून पावलांचा ताल मोडून चालवतात तेही शिकवतो. पण त्यांच्या कपट्याकडे बघताना अंगावर काटा आला, कारण क्षणभर मलाही वाटलं की हे होईल. मी पाटीवर हिशेब मांडला. तारेचा जोर किती, पुलाचं वजन किती, किती जोर हवेतच विरून जाणार. शेवटी म्हटलं, "शमशेरमियां, सूर खरा आहे. पण म्हशीच्या कानाशी डास गुणगुणला म्हणून म्हैस पडत नाही."

मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि आत हाक दिली, "मेहरुनबी, च्या टाक गं मास्तरास्नी!" मग खाली मान घालून म्हणाले, "बरं झालं. माझी भैन जयसिंगपूरला दिलीया. ईदीला त्याच पुलावरनं येती. सुचलं तवा भारी वाटलं. मागनं झोप न्हाई लागली."

परतीच्या गाडीत पोलीस सामान उघडून बघत होते. माझ्याकडे काहीही नव्हतं, तरी मी उगीचच हसत होतो. पोलिसाने विचारलं, "काय गंमत?" मी म्हटलं, "दाढ दुखतेय."

२ मे

शाळेला सुट्टी लागली आहे, त्यामुळे सबब उरली नाही. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीतून शिराळ्याच्या बाजूला गेलो. तिथून नाथाजीने डोंगरातल्या एका घळीत नेलं. धुळा नावाचा खरा धनगर तिथे मेंढरं राखतो आणि मेंढरांबरोबर आणखी एक गोष्ट राखतो.

गवताखाली तोफ होती.

बाभळीचं जुनं खोड आतून कोरलेलं. त्यावर बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा तापवून एकापाठोपाठ एक चढवलेल्या. करणारा आकाराम सुतार. वय तिशीच्या आतबाहेर, हात मोठे, बोलायला लागला की लहान मुलासारखा. जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो तोफेवरून हात फिरवत होता.

"धाव थंड हुताना कशी आवळती ठावं हाय का, मास्तर? चाकाचा आरा मोडंल, पर धाव सुटायची न्हाई. थोडकी दारू घालून उडवून बगितलीया. खडा पार त्या टेकाडावर ग्येला."

या टोळीचे म्होरके हंबीरराव उसाच्या कांड्यासारखे उंच आणि सरळ. ते म्हणाले, महिनाअखेरीस पोलीस ठाण्याचं दार या तोफेने फोडायचं. आत पकडून ठेवलेली माणसं सोडवायची आणि बंदुका आणायच्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "लाकूड लोखंडासारखं सगळीकडून सारखं नसतं. ते उभं चिरतं. पूर्ण दारू घातली की धावा धरतील, पण दोन धावांच्या मध्ये ते फाटेल. आणि फाटेल तेव्हा ज्याच्या हातात बत्ती द्यायचा पलिता आहे तो जाईल."

"पलिता माझ्याच हातात हाय," आकाराम म्हणाला आणि हसला.

हंबीरराव म्हणाले, "मास्तर, आरसा न्हाई म्हनलासा. तार न्हाई म्हनलासा. आता ह्येबी न्हाई. तुमाला व्हय म्हनाया येतंय का न्हाई?"

मी घळ उतरायला लागलो. घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता. माझं "नाही" माझ्या हिशेबातून येतं की माझ्या पोटातून? आरशाच्या वेळी खात्री होती. तारेच्या वेळी होती. आज नव्हती. बाभळीची ताकद मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही. अंदाज केला. आणि भित्र्या माणसाचा अंदाज नेहमी एकाच बाजूला झुकतो.

९ मे

पूर्ण दारूची चाचणी आज भर दुपारी झाली. मीच हट्ट धरला होता, की लांब वात लावा आणि सगळे खडकाआड या. वीज कोसळावी तसा आवाज झाला. समोर रचलेल्या दगडी बांधाला भगदाड पडलं. माणसं नाचायला लागली. आकारामने मला उचलून घेतलं. नाथाजीने भंडाऱ्यासारखी माती उधळली. मी चुकलो होतो. लाजही वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मग मी तोफेपाशी गेलो. कुंभाराकडे मडकं घेताना वाजवून बघतो तसं खोडावर बोटांनी वाजवलं. सकाळी मी वाजवलं होतं तेव्हा आवाज टणक होता. आता मधल्या दोन धावांपाशी बद्द आवाज आला. पुन्हा वाजवलं. बद्दच.

आकारामला बोलावलं. त्याने कान लावला. "तेच हाय की."

हंबीररावांनी लावला. "मला तर काय फरक वाटंना."

"अजून एकदा उडवून बघा. फक्त एकदा."

"दारू झाडाला लागती व्हय, मास्तर? आता ठाण्याच्या दारातच उडंल."

मोटारीत बसल्यावर मी माझ्या गुडघ्यावर बोटांनी वाजवत होतो. शेजारची बाई सरकून बसली.

११ मे

आज विजयमालेला सगळं सांगून टाकलं. ती ओसरीवर ज्वारी निवडत होती. मला वाटलं होतं ती रडेल. ती निवडतच राहिली, आणि माझं संपल्यावर म्हणाली, "ठावं हाय मला. तुमचं नाव मीच सांगितलं."

रंगूबाईंच्या डोळ्याला काहीही झालेलं नाही. भाकरी नदीपलीकडे जात होत्या. भाकरीखाली निरोप.

"तू? आणि माझं नाव? विजयमाला, माझ्याइतका भित्रा माणूस..."

"म्हनूनच की. तिथं समदी जिवावर उदार झालेली. एकजन म्हनला उडी मार, की दहाजन मारत्यात. आवं, तिथं भ्यानारं एक तरी मानूस नगं का? भ्यानारा मानूस धा येळा बगतो."

"पण ते माझं ऐकत नाहीत."

ती सुपातले खडे वेचत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आकारामाच्या घरात पाळना हाललाय. म्हैना झाला न्हाई अजून."

का सांगितलं तिने मला हे? मी काय करू शकतो?

१४ मे

उद्या शिराळ्याकडे जातो आहे. हिला सांगितलं, तोफेची मापं घ्यायची आहेत. तिने भाकरी थापल्या. शिदोरी बांधून दिली. एवढ्या चार ओळी दोनदा खोडून लिहिल्या.

६ जून, मिरज

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतं. विजयमाला कागद दाबून धरते.

जे झालं ते थोडक्यात.

धुळाला म्हटलं, मेंढरं पाण्यावर ने, मी मापं घेतो. तो गेला. दारूचा डबा खडकाच्या कपारीत होता. आकाराम करवंटीने मोजून घालतो ते मी बघितलं होतं. त्यांनी नाकारलेला दुसरा बार आता मीच काढून बघणार होतो, म्हणून मीही करवंटीच घेतली. हात इतके कापत होते की दारू बाहेर सांडत होती. किती करवंट्या घातल्या ते मला आठवत नाही. वात लावली. पळालो. दगडाला ठेच लागून पडलो, उठलो, आणि मागे वळून बघितलं. बघायला नको होतं.

तोफ फुटली. मधल्या दोन धावांपाशीच. खोडाची एक ढलपी माझ्या उजव्या हातावर आली. तीन बोटं गेली. बाभळीचा काटा टोचावा एवढंच तेव्हा वाटलं. धुळाने मला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला. तो सारखा म्हणत होता, "काय क्येलं ओ मास्तर, काय क्येलं ह्ये!"

इथे डॉक्टरांना सांगितलं आहे की शाळेत प्रयोग करताना भडका उडाला. सुट्टीत कसला प्रयोग, हे त्यांनी विचारलं नाही.

१० जून

स्फोटाच्या आवाजाने पोलीस घळीपर्यंत आले होते. टोळीला तिथून हलावं लागलं. माझ्यामुळे. हंबीरराव मला फितूर म्हणाले असं कळलं. फितुराच्या तळपायांना बैलासारखी पत्री ठोकतात, हे साऱ्या मुलखाला माहीत आहे. आता पोलिसाच्या बुटांची भीती वाटते आणि अनवाणी पावलांचीही. खाटेशी कुणी आलं की मी चादरीखाली पाय ओढून घेतो.

विजयमाला म्हणते, कुणी काही करणार नाही. तिला कसं माहीत, ते विचारत नाही.

१३ जून

आज आकाराम आला. डोक्याला मळका फेटा, जणू कुणा रोग्याला भेटायला आलेला कुळवाडी. मी पाय ओढून घेतले. विजयमाला उठून दाराशी उभी राहिली.

तो खाटेच्या कडेला बसला. माझ्या हाताला बांधलेल्या फडक्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "नाथाजी ग्येला."

ठाण्यावरचा बेत त्यांनी सोडला नव्हता. तोफ नाही, म्हणून कुऱ्हाडींनी दार फोडायला गेले. आतून गोळ्या आल्या. दार फुटलं, आतली माणसं सुटली, बाकीचे सगळे परत आले. नाथाजी पायरीवर पडला. गोळी मानेत लागली होती. बोलला नाही काही.

मला फुटलेल्या नळीचे तुकडे वेचणारा तो धनगर दिसत राहिला. रडू आलं नाही.

"तोफ असती तर लांबनंच दार उडालं असतं," आकाराम म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. "पायरीपातूर कुनाला जावंच लागलं नसतं! तुमी फोडली माझी तोफ. दारू किती घातलीसा? सांगा की. मोजली का?"

"आठवत नाही."

"आठवत न्हाई! मी दोन करवंट्या घालतो. तुमी तीन घातल्या असतील, चार घातल्या असतील. कुटलीबी फुटंल मग. माझी तोफ चांगली हुती, मास्तर. दुसऱ्या बारालाबी टिकली असती."

टिकली असती का? मला खरोखर माहीत नाही. तो बद्द आवाज मी ऐकला होता. पण घाबरलेल्या माणसाचा कान काय काय ऐकतो! तोफेचे तुकडे पोलिसांनी नेले, आता कुणालाच कधी कळणार नाही. जन्मभर हे असंच राहणार. मी त्याला एवढंच म्हटलं, "तुझं बरोबर असेल."

यावर त्याने फेट्याचं टोक तोंडावर धरलं. तसाच हुंदके गिळत बसला. वॉर्डातला मुलगा जेवणाचं ताट ठेवून गेला. भाकरी आणि दूध. मी डाव्या हाताने भाकरी मोडायला लागलो, ती मोडेना, ताट सरकायला लागलं.

"सरका," आकाराम चिडून म्हणाला. त्याने ताट मांडीवर ओढलं, भाकरी बारीक कुस्करली, दूध घालून कालवली आणि माझ्यापुढे धरली. "खावा."

मी खाल्लं. खाताना मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. त्याच्या हातांकडेच बघत होतो. मोठे, रापलेले, दुधाने माखलेले. दोन्ही हात.

जाताना त्याने राम राम घातला नाही. विजयमालेने त्याला दारात थांबवून विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं?"

"अजून न्हाई ठेवलं," तो म्हणाला. "आता नाथाजीच ठेवनार."